दोन फोटोंमधला दिवस

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे किंवा मुरबाडमध्ये माळशेजच्या पायथ्याशी एप्रिल-मे महिन्यात रोजगार हमीचे काम निघाले, तर माणसे उजाडायच्या आत डोंगरउतारावर पोचतात. सलग समतल चर खणायचे असतात किंवा दगडी बांध घालायचा असतो. ऊन चढायच्या आत जेवढे खणता येईल तेवढे खणायचे, हा इथल्या मजुरांचा जुना हिशेब आहे. सहाला हात लावला तर दहा-अकरापर्यंत नेमून दिलेले मोजमाप पुरे होते. मजुरीही त्या मोजमापावरच मिळते. किती घनमीटर माती निघाली, जमीन मऊ होती की मुरमाड होती, माती किती अंतरावर टाकली, हे मोजमाप पुस्तिकेत चढते आणि त्यावरून दाम ठरतो. रोजगार हमीत माणूस रोजावर असतो, असा शहरात पुष्कळांचा समज आहे. महाराष्ट्रात तो बहुतेक वेळा खरा नाही. जेवढे काम, तेवढी मजुरी, अशीच इथली पद्धत आहे.

मग अकरा वाजता काम उरकलेल्या बाईने घरी का जाऊ नये? कारण तिचा दुसरा फोटो राहिलेला असतो.

राष्ट्रीय मोबाइल निरीक्षण प्रणाली, सगळीकडे ‘एनएमएमएस’ या नावाने ओळखले जाणारे अॅप, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने मे २०२१ मध्ये सुरू केले. १६ मे २०२२पासून वीस किंवा त्याहून अधिक मजूर असलेल्या कामांवर ते सक्तीचे झाले आणि १ जानेवारी २०२३पासून सगळ्याच सार्वजनिक कामांवर. स्वतःच्या शेतातल्या विहिरीसारखी किंवा फळबागेसारखी वैयक्तिक लाभाची कामे तेवढी वगळली. कामावर हजर असलेल्या मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा काढायचा आणि तो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह अॅपवर चढवायचा, असा नियम आहे. पहिला फोटो सकाळी अकराच्या आत आणि दुसरा दुपारी दोननंतर, अशी सुरुवातीची रीत होती. तक्रारी वाढल्यावर पहिल्या फोटोनंतर चार तासांनी दुसरा काढता येईल, अशी सोय झाली. रेंज नसेल तर फोटो आधी काढून नंतर चढवण्याचीही मुभा आली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. मूळ अट मात्र जागेवरच आहे: काम झाले तरी माणूस दुसऱ्या फोटोपर्यंत दिसला पाहिजे.

ही अट या दोन तालुक्यांत किती जड जाते, हे इथला भूगोल पाहिल्याशिवाय कळत नाही. वस्ती पाड्यांत आणि वाड्यांत विखुरलेली आहे. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि एका पाड्याहून दुसऱ्याकडे जायला कधी ओढा, कधी जंगल आडवे येते. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांवर मोबाइलला रेंज मिळते ती एखाद्या टेकाडावर किंवा गावाबाहेरच्या विशिष्ट झाडाखाली. चराचे काम डोंगराच्या अंगाने लांबवर पसरलेले असते. त्यावरची सगळी माणसे एका चौकटीत आणायची, तर सगळ्यांनी हातातले काम टाकून एका जागी यायचे. फोन ग्रामरोजगार सेवकाचा किंवा कामावर देखरेख करणाऱ्या मेटचा स्वतःचा असतो. तो बंद पडला, त्याची जागा भरली, अॅपच उघडेना झाले, तर नुकसान फोनवाल्याचे होत नाही, फावडे धरणाऱ्याचे होते. फोटो न चढल्यामुळे केलेल्या कामाचे दिवस बुडाले, अशा तक्रारी देशभरातल्या मजुरांनी केल्या आहेत. फेब्रुवारी २०२३मध्ये दिल्लीला जंतरमंतरवर नरेगा संघर्ष मोर्चाने शंभर दिवसांचे धरणे सुरू केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत ही हजेरी अग्रभागी होती.

त्यात पाणी. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर धावतात. पाणी भरणे बायकांकडेच असते. टँकर येण्याची वेळ तिच्या हातात नसते, विहिरीच्या तळाशी झिरपणारे पाणी किती वेळात हंड्याएवढे साचेल हेही नसते. सकाळी लवकर काम उरकून दुपारी पाण्याला जाता येणे ही तिच्या दृष्टीने चैन नव्हे. त्या दिवसाचा संसार त्यावर चालतो. दुसऱ्या फोटोची अट नेमकी ती दुपार खाते. तोवर सावलीला बसून राहायचे, तेही पुष्कळदा सावली नसलेल्या माळावर. कामाच्या ठिकाणी प्यायचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असे रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. मुले सांभाळणाऱ्या त्या बाईचा आणि त्या सावलीचा फोटो दिवसातून दोनदा चढवायला मात्र कोणी सांगितलेले नाही.

हजेरीच्या या आग्रहामागे एक जुना विचार आहे, दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात याच मुलखाने पाहिलेला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी मदतकामे निघाली. मदत मागणारा खरोखरच गरजू आहे की नाही, हे कसे ओळखायचे, हा तेव्हाच्या राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न. त्यांनी काढलेले उत्तर असे: काम कष्टाचे ठेवायचे, मजुरी जेमतेम ठेवायची आणि जागा घरापासून लांब ठेवायची. एवढे सोसूनही जो येईल तो गरजू. जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी आणखी उतरवली गेली, पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, तेव्हा इलाख्यातल्या हजारो लोकांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, या लोकांची बाजू सरकारपुढे मांडली. छळ सोसण्याची तयारी हा गरजेचा पुरावा धरायचा, ही त्या कसोटीची रीत होती. अशा कसोटीत जो गळतो तो लबाड असतोच असे नाही. म्हातारा, आजारी, अंगावर पिणारे मूल असलेली बाई, हे आधी गळतात.

विलायतेत ही रीत आजही वेगळ्या रूपात चालू आहे. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिट योजनेत बेकाराने आठवड्याला पस्तीस तासांपर्यंत काम शोधत असल्याचे दाखवावे लागते आणि ठरलेली भेट चुकली तर भत्ता कापला जातो. तिथे नोकरी शोधण्याची हजेरी आणि इथे माती खणण्याची, पण संशय एकाच जातीचा.

महाराष्ट्राने या संशयाला एकेकाळी सरळ नकार दिला होता, म्हणून हे अधिक लागते. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. मागेल त्याला काम, ही त्यामागची साधी गोष्ट. १९७२च्या दुष्काळात तिचे मोल साऱ्या राज्याला कळले. १९७७मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, अशी त्याची पैशाची सोय होती. आजही पगाराच्या पावतीवर तो कर कापलेला दिसतो, पण तो कशासाठी सुरू झाला हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००५ साली केंद्राने देशभरासाठी मनरेगा हा कायदा केला, त्याला महाराष्ट्राचा हा अनुभव पाठीशी होता. गरज सिद्ध करायची जबाबदारी या कायद्यांनी मजुरावर टाकली नाही. कुदळ घेऊन उन्हात यायला तो तयार आहे, एवढेच पुरे मानले. काम घराजवळ, पाच किलोमीटरच्या आत द्यावे, लांब दिले तर दहा टक्के जादा मजुरी द्यावी, असेही ठरवले. म्हणजे दुष्काळातली अंतराची कसोटी कायद्याने उलटी फिरवली.

आता बेरोजगार भत्त्याकडे येऊ, कारण हजेरीचा सर्वांत कठोर नियम तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मनरेगाच्या कलम ७ प्रमाणे काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा. महाराष्ट्रातला २०२५-२६चा मजुरीचा दर ३१२ रुपये. म्हणजे पहिला महिनाभर दिवसाला ७८ रुपये आणि नंतर १५६. ही रक्कम राज्य सरकारने द्यायची असते, कारण काम न देणे ही राज्याची चूक मानलेली आहे.

पण कलम ९ म्हणते, कळवल्यापासून पंधरा दिवसांत जो कामावर हजर झाला नाही, किंवा परवानगीशिवाय जो सलग आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, किंवा एका महिन्यात ज्याच्या गैरहजेरीची बेरीज आठवड्याहून अधिक झाली, त्याला तीन महिने बेरोजगार भत्ता मागता येणार नाही. काम मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो, भत्त्याचा जातो. आता हे कलम आणि दोन फोटोंची हजेरी एकत्र ठेवून पाहा. २००५मध्ये कलम लिहिले गेले तेव्हा गैरहजर म्हणजे कामावर न आलेला माणूस. आज नोंदीत गैरहजर म्हणजे ज्याचा फोटो चढला नाही तो माणूस, मग त्याने दोन घनमीटर माती खणलेली का असेना. महिन्यात आठ दिवस रेंजने दगा दिला, तर कागदावर तो बेजबाबदार मजूर ठरतो.

दुसऱ्या बाजूचे घड्याळ पाहा. पंधरा दिवसांत काम ही सरकारची हजेरी. हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी हीही सरकारची हजेरी. मजुरी उशिरा झाली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई देय असते. ३१२ रुपयांवर ही भरपाई दिवसाला सोळा पैशांच्या आसपास येते. मजुराने दुपारचा फोटो चुकवला तर त्याचा दिवस धोक्यात येतो, सरकारने मजुरी महिनाभर चुकवली तर त्याला दिवसाला सोळा पैसे पडतात. या दोन दंडांतली तफावत हाच माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. काटेकोरपणा वाईट नाही. तो एकाच बाजूला लावला की अन्याय होतो.

भत्ता क्वचितच कोणाच्या हाती का पडतो, याचे उत्तरही घड्याळाशीच जोडलेले आहे. पंधरा दिवस मोजायला सुरुवातीची तारीख लागते आणि ती तारीख फक्त एका कागदावर असते. नमुना ४ भरून कामाची मागणी केली की तारीख घातलेली पोचपावती मिळायला हवी, असा नियम आहे. ही पावती दिली तर पुढे भत्त्याचा दावा उभा राहतो. म्हणून ती देताना हात आखडतो. ‘काम निघालं की सांगतो, तेव्हा फॉर्म भरू’ असे तोंडी सांगितले जाते, काम निघते तेव्हा त्याच दिवसाची मागणी लिहिली जाते आणि कागदावर सगळे वेळेत झालेले दिसते. मागणी तोंडी, नोंद सोयीची, असा हा प्रकार मोडून काढायला या भागातल्या मजूर संघटनांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. अर्ज सामूहिक करायचे, एका दिवशी सगळ्या वाडीने पंचायतीत जायचे आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही, ही त्यांनी बसवलेली शिस्त अजून सर्वांत कामाची आहे.

हे सगळे पोचपावती, फोटो आणि मोजमाप जिथे नीट जुळत नाही, तिथे माणसे काय करतात? ती वीटभट्टीवर जातात. शहापूर आणि मुरबाडमधले कातकरी, ज्यांना सरकार विशेष दुर्बल आदिवासी गटात मोजते, आणि त्यांच्यासोबत काही ठाकूर, वारली कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी उरकली की भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवाल्याकडून आगाऊ बयाणा उचललेला असतो, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि हिशेब हंगाम संपल्यावर होतो, विटांच्या हजारावर. भट्टीवरचे जिणे भयंकर आहे. मुलांची शाळा तुटते आणि उचल फिटत नाही. तरीही माणूस तिकडे का वळतो, हे समजून घ्यायला हवे. बयाणा आज हातात पडतो. रोजगार हमीची मजुरी मात्र आधार जोडलेल्या खात्यावर, आणि १ जानेवारी २०२४पासून फक्त आधार आधारित पद्धतीनेच, कधीतरी जमा होते. खाते कोणत्या बँकेशी जोडले गेले हे पुष्कळांना तालुक्याला जाऊन विचारावे लागते आणि त्या फेरीत आणखी एक दिवस बुडतो. हमीच्या कामाची वाट पाहत दोन आठवडे थांबायचे, मग कामावर जाऊन दुसऱ्या फोटोसाठी थांबायचे, मग पैशासाठी थांबायचे. ज्याच्या घरात आठवड्याचा तांदूळ नाही, त्याला एवढे थांबता येत नाही.

या हजेरीने निदान चोरी तरी थांबली का? ही योजना चोरीपासून वाचवायलाच हवी, खोट्या हजेरीपटांनी महाराष्ट्रातही मजुरांचे पुष्कळ नुकसान केले आहे. पण उत्तर खुद्द मंत्रालयाने दिले आहे. ८ जुलै २०२५च्या परिपत्रकात त्याने अॅपचे गैरवापर एकामागून एक नोंदवले: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, प्रत्यक्ष माणसे आणि नोंदीतली माणसे यांत फरक, नोंदीत बायका आणि फोटोत पुरुष, तीच माणसे अनेक हजेरीपटांवर, दुपारचे फोटो मुळात नाहीतच. आणि यावर उपाय म्हणून ग्रामपंचायतीने शंभर टक्के फोटो डोळ्यांनी तपासावेत, असा आदेश निघाला. म्हणजे ज्याला खोटे करायचे होते त्याने दुसऱ्या फोटोचा फोटो काढला आणि तो घरी गेला. जो खरा होता तो उन्हात बसला. त्याच्या पुढची पायरी म्हणून चेहरा ओळखून हजेरी घ्यायची तयारी सुरू झाली. उन्हाने रापलेले, मातीने माखलेले, दहा वर्षांपूर्वीच्या आधार कार्डावरच्या चित्राशी न जुळणारे चेहरे त्यात कसे बसतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

चोरी पकडायची साधने कायद्यात आधीपासून आहेत आणि ती रेंजवर अवलंबून नाहीत. हजेरीपट कामाच्या जागी असला पाहिजे आणि मजुराने मागितला तर दाखवला पाहिजे. कामावरच्या किमान पाच मजुरांच्या गटाने आठवड्यातून एकदा बिले आणि पावत्या तपासाव्यात, अशी तरतूद आहे. कलम १७ने ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार दिला आहे. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेचे वजन आणखी वाढवले आहे. वाडीवर कोण कामाला गेले आणि कोण गेले नाही, हे वाडीला पाठ असते. शनिवारी संध्याकाळी हजेरीपट मोठ्याने वाचला तर खोटे नाव तिथल्या तिथे पकडले जाईल. आणि मोजमाप मजुरांसमोर झाले तर दिवसभराच्या फोटोंची गरजच उरणार नाही, कारण खणलेला चर खोटे बोलत नाही. यासाठी तांत्रिक सहायक वेळेवर डोंगरावर यायला हवा. त्यांची पदे कमी, गावे फार, म्हणून ते येत नाहीत, आणि माणूस नेमण्यापेक्षा अॅप काढणे स्वस्त पडते.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला: विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण). शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी त्यात आहे, काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूदही आहे. त्याचबरोबर बायोमेट्रिक ओळख आणि मोबाइलवरची देखरेख आता कायद्याच्या मजकुरातच आली आहे. बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा लागेल. शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस काम बंद ठेवण्याची मुभाही राज्यांना आहे. शहापूर-मुरबाडमध्ये शेती म्हणजे मुख्यतः पावसाळी भात. लावणी जून-जुलैत, कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. साठ दिवस कापणीपाशी धरले, तर काम बंद असण्याचे दिवस आणि भट्टीवाल्याचा माणूस वाडीवर बयाणा घेऊन येण्याचे दिवस एकच होतील. या दोन तालुक्यांसाठी ते साठ दिवस कुठे धरायचे, हे जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी आतापासून मांडले पाहिजे.

जुन्या नियमांतली एक वाट फार थोड्या लोकांना माहीत आहे. अॅप चाललेच नाही, रेंज मिळालीच नाही, अशा अपवादाच्या प्रसंगी जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांना, हाताने घेतलेली हजेरी मान्य करण्याचा अधिकार दिलेला होता. त्यासाठी त्याच दिवशी ग्रामरोजगार सेवकाकडून लेखी नोंद करून घ्यावी: कामाचे नाव, हजेरीपटाचा क्रमांक, मजुरांची नावे, फोटो न चढण्याचे कारण. त्या कागदावर कामावरच्या पाच जणांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. नव्या कायद्याचे नियम लिहिले जात असताना ही वाट बंद होऊ नये आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाण्याऐवजी गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर, मजुराच्या चालण्याच्या अंतरात यावी, अशी मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. ठरावाची तारीखही लिहून घ्यावी.